द्वेषाला कोणतं उत्तर लागू पडतं?

एखाद्या समाजाबद्दल कुणी विखारी ट्वीट केलं की वाचणाऱ्याला वाटतं, याची टर उडवावी, याला दम द्यावा, नाहीतर शांतपणे समजवावं. यातलं कामाला काय येतं? झुरिकमधल्या संशोधकांनी ते प्रयोग करून तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले.

वर्णद्वेषी किंवा परकीयद्वेषी ट्वीट करणारे १,३५० इंग्रजीभाषक त्यांनी निवडले आणि कोण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडलं. एका गटाला विनोदी उत्तर गेलं. दुसऱ्याला इशारा मिळाला, की हे तुमच्या ओळखीचे लोकही वाचू शकतात. तिसऱ्याला सांगितलं, की तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांना हे वाचून फार लागतं. चौथ्या गटाला काहीच उत्तर दिलं नाही. हा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राग ओसरल्यावर माणसं आपणहूनही ट्वीट काढून टाकतात, तेव्हा तुलनेला असा गट नसेल तर श्रेय कशाला द्यायचं ते कळणारच नाही.

पुढचे चार आठवडे या खात्यांवर लक्ष ठेवलं. विनोद आणि इशारा यांचा ठाम परिणाम दिसला नाही. समोरच्याच्या वेदनेची जाणीव करून दिलेल्यांनी मात्र जुनी द्वेषपूर्ण ट्वीट जास्त प्रमाणात पुसली आणि नवी थोडी कमी लिहिली. परिणाम लहानच होता. पण एका अनोळखी माणसाच्या दोन ओळींनी एवढं घडावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

उत्तर कोण देतो, यानेही फरक पडतो. अमेरिकेत केविन मंगर या राज्यशास्त्राच्या संशोधकाने कृष्णवर्णीयांना शिवी देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना बनावट खात्यांवरून हटकलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गोऱ्या दिसणाऱ्या आणि भरपूर फॉलोअर्स असलेल्या खात्याने टोकल्यावरच त्या शिवीचा वापर लक्षणीय घटला.

मराठीत आधी द्वेष ओळखण्यापासूनच सुरुवात आहे. संगणकाला भाषा शिकवण्यावर काम करणाऱ्या पुण्याच्या एल३क्यूब गटाच्या 'महाहेट' या नमुना-संचात पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट चार प्रकारांत विभागली आहेत. त्यात शिवीगाळ आणि द्वेष वेगळे धरलेत, ते योग्यच आहे. एकही शिवी न देता अख्ख्या जातीला माणसातून उठवता येतं. अशा पोस्टखाली जातीतल्याच कुणी टोकलं तर लिहिणारा थांबतो, की बाहेरच्याने टोकल्यावर? हा प्रयोग मराठीत व्हायला हवा.