घड्याळ कॅफेवाल्याच्या हातात होतं तेव्हा

नाशिकमध्ये आज पन्नाशीला टेकलेल्यांना कॉलेज रोडवरचे सायबर कॅफे आठवत असतील. प्लायवूडचे आडोसे, कुरकुरणारा मोडेम आणि काउंटरवर वेळ लिहून घेणारा मुलगा. पैसे तासावर. खिसा रिकामा झाला की उठायचं, आणि शटर ओढायची वेळ झाली की उठावंच लागायचं. नेटचं वेड तेव्हाही होतंच. चॅट रूममध्ये अनोळखी माणसाशी बोलताना तास कुठे गेला ते कळत नसे, पण तो संपल्याचं सांगणारा माणूस समोर बसलेला असे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञांनी इंटरनेटच्या व्यसनावरचा निबंध मांडला. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी आठ प्रश्न बेतले होते. त्यांतल्या पाचांना 'हो' म्हणणारा व्यसनी. असे लोक आठवड्याला सरासरी ३८.५ तास ऑनलाइन असल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे दिवसाला साडेपाच तास. हा आकडा मी अनेक पालकांना सांगितला आहे. त्या काळी तो धक्कादायक होता. आज ऐकून कुणी चमकत नाही.

मधल्या काळात एकेक लगाम सुटत गेला. २००४ मध्ये ऑर्कुट ही मित्र जोडणारी वेबसाइट आली आणि अनोळखी माणसांच्या जागी वर्गातलेच मित्र आले. आपल्याला कुणी स्क्रॅप, म्हणजे तिथला निरोप, टाकला का, हे बघायला मुलं पुन्हा पुन्हा कॅफेत जाऊ लागली. मग मोबाइलवर नेट आलं आणि कॅफेची पायरी सुटली. पानाचा शेवटही गेला, कारण बोटाने सरकवत राहिलं की मजकूर येतच राहतो. तरी नेट पॅक महाग होता. एक जीबी महिनाभर पुरवायची कसरत असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हा शेवटचा लगामही तुटला. सुरुवातीचे महिने फुकट, पुढे रोजचा एक जीबी. रात्री बारा वाजता तो नव्याने मिळायचा, आणि आधीचा वाया जाऊ नये म्हणून मुलं जागायची. माझ्या मते खरं वळण हेच. टाळेबंदीने फक्त त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१८ मध्ये पबजीचा मोबाइल अवतार आला. चौघांचा संघ असल्यामुळे मध्येच उठणं म्हणजे दोस्तांना दगा, म्हणून जेवणाची हाक कानाआड होऊ लागली. मार्च २०२० नंतर शाळाच फोनवर आली. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांच्या पाड्यांवर मुलं रेंजसाठी टेकाड शोधत होती, तर शहरात आदल्या महिन्यापर्यंत फोन काढून घेणाऱ्या आयांनीच तो मुलांच्या हाती दिला. त्याच जूनमध्ये टिकटॉक आणि सप्टेंबरमध्ये पबजी बंद झालं, पण सवय रील्सकडे वळली. खेळाला डाव तरी असतो. अर्ध्या मिनिटाच्या रीलला कुठे थांबायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या यादीत मान्य केला, तेव्हा तासांची अट घातली नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चाललं तर तो विकार. त्यामुळे समुपदेशकाकडे जाताना 'किती तास बघतो' एवढंच सांगून भागत नाही. मैदानावर जाणं कधी थांबलं, झोप किती वाजता लागते, घरात कुणाशी बोलतो, हे आईवडिलांनी आठवून जावं.