लाकडी जमीन (भरीव फळ्यांची)

साग किंवा तत्सम कठीण लाकडाच्या अखंड फळ्या एकमेकींत गुंतवून घरात केलेली जमीन. प्लायवर सागाचा पातळ थर चढवलेल्या किंवा लॅमिनेटच्या तयार पट्ट्या हा वेगळा प्रकार. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील घरांत खाली सारवलेली जमीन, पुढे शहाबादी फरशी आणि आता टाइल अशी रीत पडली. लाकूड पायाखाली आले ते मुख्यतः माडीवर. जुन्या वाड्यांत तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, असा कडीपाट असे. साग, मत्ती, किंदळ, जांभा ही लाकडे खानापूर आणि दांडेलीकडच्या जंगलांतली. दांडेलीचे लाकूड वाहून नेण्यासाठी अळणावरहून रेल्वेचा फाटाही काढला गेला. कडीपाटाला खालच्या खोलीतून वारा लागे. आजची फळी मात्र सिमेंटच्या स्लॅबवर किंवा कोब्यावर (सिमेंटच्या गिलाव्याच्या जमिनीवर) बसते आणि तिला खालून ओल मिळते, वारा मिळत नाही. या कामातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. आडव्या कापाच्या (खोडाची वलये फळीच्या रुंदीला जवळजवळ समांतर असलेल्या) सागाचा ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर ३ मीटर रुंद जमीन, तिला कोणी अडवले नाही तर, सुमारे २२ मिलिमीटर पसरते. उभ्या कापाची (वलये रुंदीला काटकोनात असलेली) फळी साधारण निम्मीच पसरते. म्हणून थोडे जास्त पैसे मोजून उभ्या कापाची फळी घेणे शहाणपणाचे. हवेतल्या ओलीचा फरक सीमाभागात सगळीकडे सारखा जाणवत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळाभर भिंतींनाही दमटपणा असतो, तर अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात लाकूड तडकते. भर उन्हाळ्यात घट्ट बसवलेली जमीन श्रावणात फुगून मध्येच उचलते. पावसाळ्यात बसवलेलीत मार्चपर्यंत फटी पडतात. पाऊस सरून हवा स्थिरावली की, दिवाळीनंतर, काम काढावे हे उत्तम.

फळ्या आणल्याबरोबर ठोकू नयेत. ज्या खोलीत बसवायच्या तिथेच, मध्ये चिपा घालून, निदान दोन आठवडे रचून ठेवाव्यात. कोबा वाळला की नाही हे पाहण्यासाठी अर्धा मीटर चौरस पॉलिथिन चारी कडांनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवतात. उचलल्यावर आत दव दिसले किंवा सिमेंट काळवंडले, तर काम थांबवायचे. घर बांधून महिना झाला म्हणून स्लॅब वाळला असे नसते.

मग वाळवीचे औषध, जाड पॉलिथिनचा थर आणि त्यावर वॉटरप्रूफ प्लाय किंवा लाकडी रीपा. पाणसळ लावून उंचसखलपणा आधीच काढतात. प्रत्येक फळीला एका कडेने जीभ, दुसऱ्या कडेने खाच असते. खिळा जिभेच्या मुळाशी तिरपा मारतात, म्हणजे पुढच्या फळीची खाच त्यावर बसते आणि खिळ्याचे डोके दिसत नाही. खिळ्यांतले अंतर २० ते २५ सेंटिमीटर. शेजारच्या दोन ओळींचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. भिंतीलगत चहूबाजूंनी १२ ते १५ मिलिमीटर जागा मोकळी सोडणे सर्वांत महत्त्वाचे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचे, फळीला नव्हे. शेवटी घासकाम आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा जवसाचे तेल. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवाव्यात.

बादलीभर पाणी ओतून धुण्याची सवय या जमिनीला चालत नाही. पिळलेल्या फडक्याने पुसणे पुरते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा ओटा यांपाशी फरशीच ठेवावी.

पाडलेल्या वाड्यांचा जुना साग अनेक घरांत पुन्हा वापरला जातो. वर्षानुवर्षे वाळून स्थिर झालेले हे लाकूड नव्यापेक्षा कमी हलते. घेताना गाभ्यात किड्यांची भोके आणि पिठासारखा भुसा नाही ना, हे पाहावे. रंधा लावण्याआधी मोडके खिळे शोधून काढावेत, नाहीतर पाते जाते.