तुमचं लिहून देणारा माणूस : काम देण्याआधी एवढं वाचा

आमचं ऑफिस म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची पुढची खोली. माणसं दोनच. एक लिहितो, दुसरी मुद्रितं तपासते आणि हिशेब सांभाळते. ‘लिहून देता म्हणजे नेमकं करता काय?’ असं येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून हे पत्रक.

लिहिणाऱ्याचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ शाळेच्या आधी घरात शिकून झालं. पुढे मराठीत एम.ए., मग वर्तमानपत्रात उपसंपादकी. रात्रपाळीत इतरांच्या बातम्या छाटताना जे छाटलं जायचं तेच जास्त आवडायला लागलं आणि नोकरी सुटली. लिहिण्याखेरीज नाद एकच, मारबतीचा, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. यंदाच्या बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या टीकेच्या पुतळ्यांवर, कोणाची कशी खिल्ली उडवलीय, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन उचलला जात नाही, तो त्यामुळेच.

दुकानाचं पत्रक, संस्थेची स्मरणिका, सत्काराचं भाषण, वेबसाइटचा मजकूर, सगळं करतो. पण खरा जीव रमतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहिण्यात. ‘पहिला पगार किती होता?’ विचारलं की आकडा मिळतो. ‘तो घरी आणून कोणाच्या हातात दिला?’ विचारलं की आजोबा तासभर बोलतात. सन मात्र बहुतेकांचे चुकतात. अशा वेळी आपल्या शहरातल्या खुणा कामी येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूरचं राजधानीपण गेलं. ‘तुमची बदली दीक्षेच्या आधी की राजधानी गेल्यावर?’ एवढं विचारलं की वर्ष आपोआप जागेवर बसतं. आजी ‘मी जाऊन राहिली होती’ म्हणाल्या असतील, तर पुस्तकातही तसंच राहतं. पुण्याचं इस्त्री केलेलं मराठी हवं असेल तर आधी सांगा, मिळेल. पण आम्ही एकदा तरी हुज्जत घालू.

एआयकडून लिहून आणून ‘फक्त नजर फिरवा’ म्हणणारे वाढलेत. फिरवतो, पण ते स्वस्त पडत नाही. नव्यानं लिहिण्याएवढाच वेळ जातो.

मजकूर युनिकोडमध्ये देतो. छापखान्यात तो दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. म्हणून छपाईआधीचं शेवटचं मुद्रित आमच्याकडे पाठवाच, त्याचे पैसे वेगळे नाहीत.

हक्कांचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे स्वतंत्र लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा त्याच्याकडेच असतो. तुमच्याकडे यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. पूर्ण मानधन मिळालं की आम्ही हक्क लिहून देतो आणि मुदतीचा रकाना कोरा सोडत नाही. पुस्तकावर नाव तुमचं. आमचं टाकायचं की नाही, ते सुरुवातीलाच ठरवू.

निम्मं मानधन आगाऊ, निम्मं अंतिम मजकूर देताना. दोनदा बदल विनामूल्य. तिसरा बदल घरातल्या काकांनी सुचवला असेल, तर आधी काकांशी बोलून घ्या, मग फोन करा.