मिठाच्या थेंबात नेचे कसे उगवते?

मिठाच्या पाण्याचा थेंब काचेवर सुकला की कडेशी चौकोनी खडे उरतात. त्याच पाण्यात थोडे जिलेटिन विरघळवले, तर तेच मीठ मधोमध एक देठ धरते. देठाला फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. साध्या भिंगातूनही नेच्याचे पान ओळखू येते.

या नक्षीचा उपयोग आधी डॉक्टरांनी केला, याचे मला फार अप्रूप वाटते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९४६ साली गर्भाशयमुखाचा स्राव सुकल्यावर उमटणारे नेचे नोंदवले. स्रावात मीठही असते आणि म्यूसिनही. म्यूसिन म्हणजे शरीरातले पॉलिमरच, जिलेटिनसारखेच लांब साखळ्यांच्या रेणूंचे. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास ही नक्षी सर्वांत ठळक दिसते. पाणमोट फुटली की नाही याची शंका आली, तर आजही तपासणीत थेंब सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली हेच नेचे शोधतात.

जेलमधल्या नक्षीची ओळख त्याहून जुनी. १८९६ साली जर्मनीत राफाएल लिझेगांग यांनी पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि एकात एक वलये उमटली. तिथे थेंब सुकत नव्हता, रसायनांची क्रिया होत होती. पण दाट माध्यमात क्षार सावकाश सरकले की आकार घडतात, हे तेव्हाच दिसले.

नेचे का, याचे उत्तर मिळायला १९६३ उजाडले. मलिन्स आणि सेकर्का या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले, की वाढत्या स्फटिकाला जरासे टोक आले तर त्या टोकाला ताजा माल आधी मिळतो, म्हणून ते आणखी पुढे धावते. पॉलिमरच्या साखळ्यांमुळे आयन, म्हणजे मिठाचे विद्युतभारित कण, रेंगाळतात, तेव्हा सपाट बाजू उपाशी राहतात आणि टोकांचे फावते. विटन आणि सँडर यांनी १९८१ साली संगणकावर भटके कण एकमेकांना चिकटवून अशीच फांद्यांची जाळी उगवून दाखवली. पुढे १९९७ मध्ये शिकागोत कॉफीच्या डागाची कड गडद का होते हे उलगडले, त्यातही विटन होतेच: थेंबाची कड लवकर सुकते आणि आतले पाणी कणांना ओढत तिकडे वाहते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात जिलेटिन आणि मिठाच्या थेंबांवर नेटाने काम झाले आहे.

बॅटरीवाल्यांना मात्र हे स्फटिक नको असतात. पॉलिएथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये क्षार विरघळवून केलेल्या पातळ पापुद्र्यातून आयन धावतात ते मुख्यतः स्फटिक न झालेल्या भागातून. हे १९८३ मध्ये स्पष्ट झाले.