तणाव-संप्रेरके आणि स्मरण

मनात साठवलेली माहिती हवी तेव्हा परत आठवण्याच्या क्रियेवर तणावात स्रवणाऱ्या संप्रेरकांचा होणारा परिणाम. माहिती घेणे, ती पक्की होणे आणि ती आठवणे असे स्मृतीचे तीन टप्पे मानतात. शिकल्यावर लगेच आलेला तणाव आठवण पुष्कळदा घट्ट करतो. आठवण्याच्या वेळी आलेला तणाव मात्र तिची वाट अडवतो.

मार्चमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील परीक्षा केंद्रांवर हे नेहमी पाहायला मिळते. यावल-रावेरकडच्या खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने दहावीच्या पेपरला आलेल्या मुलीला शंकूच्या घनफळाचे सूत्र तोंडपाठ असते, पण प्रश्न समोर येताच तिला वृत्तचितीचे सूत्र तेवढे आठवते आणि त्याला तीनने भागायचे हे काही केल्या सुचत नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पडत असताना, तेच सूत्र आपसूक ओठांवर येते. अशा मुलीला ‘अभ्यासच केला नव्हता’ असे म्हणणे चुकीचे आहे. सूत्र पुसले गेलेले नसते.

तणावाची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनॅलिन व मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन काही क्षणांत स्रवते. कॉर्टिसॉल हे मुख्य तणाव-संप्रेरक सावकाश येते: मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाकडून त्याखालच्या पोष ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश पोहोचून रक्तातील त्याची पातळी शिगेला जायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. हे संप्रेरक रक्तातून मेंदूत सहज शिरते. आठवणी जुळवणाऱ्या हिपोकॅम्पस या भागात त्याचे ग्राही, म्हणजे त्याला धरून ठेवणारे पेशींतील रेणू, दाटीने असतात. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत कॉर्टिकोस्टेरोन (उंदरांमधील कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक) तेथेच साठताना दाखवले. भावनांशी निगडित ॲमिग्डाला हा मेंदूचा भाग जागा असेल तरच स्मरण अडते, असे दिसते, कारण नॉरॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यास हा अडथळा ओसरतो.

डॉमिनिक द केर्व्हें, बेन्नो रोझेन्डाल व जेम्स मॅगॉ यांचा १९९८ मधील प्रयोग येथे कळीचा ठरला. पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधायला शिकलेल्या उंदरांना चाचणीच्या ३० मिनिटे आधी विजेचा सौम्य झटका दिल्यावर त्यांना जागा सापडेना. झटका २ मिनिटे किंवा ४ तास आधी दिला, तर मात्र काही बिघडले नाही. २००० मध्ये माणसांवरही पडताळा आला: आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवण्याच्या एक तास आधी २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन (शरीरात त्याचे कॉर्टिसॉल होते) घेतलेल्यांना कमी शब्द आठवले, पण तेच शब्द समोर दाखवल्यावर त्यांना ते नेहमीसारखे ओळखता आले. पर्याय पाहून उत्तर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते मनातून काढणे यांत हाच फरक असतो.

टफ्ट्स विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात, नुसते पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांचे स्मरण तणावात घसरले. पाने मिटून स्वतःला आठवायला लावत शिकलेल्यांचे मात्र कॉर्टिसॉल वाढल्यावरही टिकून राहिले.