४,४२८ एकरांची सनद : टेक्सासच्या स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी

१८२० साली अमेरिकेत सरकारी जमीन घ्यायची तर किमान ८० एकर घ्यावी लागे. भाव एकरी सव्वा डॉलर, उधारी बंद, म्हणजे १०० डॉलर एकरकमी मोजायचे. आदल्याच वर्षीच्या मंदीत बँका बुडाल्या होत्या, कर्जापायी शेतं लिलावात गेली होती. त्या काळात सरहद्दीवरच्या सबाइन नदीपलीकडे, टेक्सासमध्ये, कुटुंबामागे साडेचार हजार एकर मिळतात ही बातमी पसरली. टेक्सासमध्ये माणसं का गेली, याचं उत्तर या एका हिशेबात आहे. पुढे त्यांनी बंदुका का उचलल्या, याचंही बरंचसं उत्तर जमिनीच्याच कागदांत सापडतं.

जमीन द्यायची गरज पलीकडच्या सरकारलाही होती. स्पेनच्या अमलात टेक्सास हा उत्तरेचा ओसाड सरहद्दप्रांत होता. सान अँटोनिओ, गोलियाड आणि नॅकडोचिस या तीन वस्त्यांत मिळून स्पॅनिश बोलणारे काही हजार लोक राहत. त्यांना तेहानो म्हणत. कमांची या मूलनिवासी जमातीच्या धाडी सतत पडत आणि दक्षिणेतून कोणी नांदायला येत नसे. म्हणून जानेवारी १८२१मध्ये मोझेस ऑस्टिन या अमेरिकन उद्योजकाला ३०० कुटुंबं आणण्याची परवानगी मिळाली. तो जूनमध्ये वारला, मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, आणि मुलगा स्टीफन ऑस्टिनला जवळपास वर्षभर मेक्सिको शहरात बसून तोच करार नव्या सरकारकडून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.

ऑस्टिनसारख्या मक्तेदाराला एम्प्रेसारिओ म्हणत. १८२५च्या प्रांतिक कायद्यानुसार त्याला ठरलेली कुटुंबं सहा वर्षांत आणून वसवायची असत. दर १०० कुटुंबांमागे त्याला स्वतःला पाच मोठे आणि पाच छोटे तुकडे मिळत. येणाऱ्याने चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा, मेक्सिकोशी निष्ठेची शपथ घ्यायची, कॅथलिक धर्म मानायचा आणि जमीन कसायची. मोबदल्यात कुटुंबप्रमुखाला गुरं चारायला एक ‘सिटिओ’, म्हणजे ४,४२८ एकर, आणि शेतीसाठी एक ‘लाबोर’, म्हणजे १७७ एकर. सरकारी रक्कम सिटिओमागे ३० पेसो, तीही चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वर्षी हप्त्याने. मोजणी, कारकुनी आणि मुद्रांकित कागदाचा खर्च वेगळा. ऑस्टिनने सुरुवातीला एकरी साडेबारा सेंट स्वतःची फी लावली होती, पण ती १८२४मध्ये सरकारने रद्द केली.

मोजणीचं माप होतं ‘वारा’, टेक्सासच्या हिशेबाने ३३⅓ इंच. हजार वारा बाजूचा चौरस म्हणजे लाबोर, पाच हजार वारा बाजूचा म्हणजे सिटिओ, म्हणजेच २५ लाबोर. ब्राझोस आणि कोलोरॅडो या नद्यांच्या काठची काळी, गाळाची जमीन कापसाला उत्तम, म्हणून सनदा आधी नदीकाठाने दिल्या गेल्या. प्रत्येकाला पाणी लागावं यासाठी तुकड्याची अरुंद बाजू नदीकडे ठेवत. साखळी ओढायची, कोपऱ्यावरच्या झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीने खुणा करायच्या आणि त्या झाडांची जात, दिशा, अंतर कागदावर उतरवायचं. शेवटी ताबा देण्याचा विधी. नवा मालक मोठ्याने ओरडे, गवत उपटे, दगड फेके, खुंट्या ठोके, आणि हे सगळं केल्याची नोंद सनदेत होई. या पद्धतीतले दोष नंतर बाहेर पडले. झाडं पडली, नद्यांनी पात्रं बदलली, होकायंत्राच्या फरकाने रेषा एकमेकींवर चढल्या, आणि पुढच्या पिढ्या कोर्टात उभ्या राहिल्या.

मक्तेदार बेपर्वा असला तर काय होतं, हे १८२६मध्ये दिसलं. हेडन एडवर्ड्सला नॅकडोचिसभोवती ८०० कुटुंबांचा करार मिळाला होता. तिथे आधीपासून राहणाऱ्यांकडे अनेकदा कागदच नव्हते. त्याने ‘सनदा दाखवा, नाहीतर जमीन विकली जाईल’ अशी नोटीस लावली. तक्रारी गेल्या, करार रद्द झाला, आणि त्याच्या गोटाने ‘फ्रेडोनिया’चं प्रजासत्ताक जाहीर केलं. ते काही आठवड्यांतच कोसळलं. ते मोडायला मेक्सिकन सैन्याबरोबर ऑस्टिनचे वसाहतवालेही गेले होते. सनद हातात असलेल्या माणसाला तेव्हा बंड नको होतं.

यातला सर्वांत कडवट धागा गुलामगिरीचा आहे आणि तो टाळून हा इतिहास सांगता येत नाही. ऑस्टिनच्या पहिल्याच आराखड्यात दर गुलामामागे मालकाला ८० एकर जादा होते. जॅरेड ग्रोस १८२२मध्ये सुमारे ९० गुलाम घेऊन आला आणि त्याला दहा सिटिओ मिळाले. मेक्सिकोचं धोरण मात्र उलट दिशेने चाललं होतं. कोआविला-टेक्सास या जोडप्रांताच्या १८२७च्या घटनेने ठरवलं की यापुढे जन्मणारं मूल गुलाम नसेल, आणि सहा महिन्यांनंतर नवे गुलाम आणता येणार नाहीत. वसाहतवाल्यांनी पळवाट काढली. सरहद्द ओलांडण्याआधी गुलामाकडून ‘नोकरी’चा करार लिहून घ्यायचा, काही वेळा तब्बल ९९ वर्षांचा. त्यात खाण्याकपड्याचा खर्च मजुरीतून वजा होई, त्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे. सप्टेंबर १८२९मध्ये राष्ट्राध्यक्ष गेरेरोने देशभर गुलामगिरी बंद केली, पण टेक्सासला डिसेंबरमध्ये सूट मिळाली. सूट मिळाली तरी धास्ती राहिलीच.

१८२८मध्ये जनरल मिएर इ तेरान सरहद्दीची पाहणी करून गेला. पूर्व टेक्सासमध्ये मेक्सिकन वस्ती नगण्य उरली आहे आणि प्रांत हातचा जाईल, असा इशारा त्याने दिला. त्यातून ६ एप्रिल १८३०चा कायदा आला. अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी, गुलाम आणण्यास बंदी, नवी ठाणी आणि जकात नाकी. वसाहतींना मिळालेली सात वर्षांची जकातमाफीही त्याच सुमारास संपली. कायदा फसला, कारण लांबलचक सरहद्दीवर पहारा नव्हता. कागदपत्रं घेऊन येणारे थांबले, बिनकागदाचे येत राहिले. सनद नसलेल्या या माणसांना मेक्सिकोशी एकनिष्ठ राहण्याचं कारणच नव्हतं. १८३२मध्ये ॲनावॅकच्या नाक्यावर पहिली चकमक झडली.

ऑस्टिन १८३३मध्ये टेक्सासला वेगळ्या प्रांताचा दर्जा मागायला राजधानीत गेला. अमेरिकेतून येणाऱ्यांवरची बंदी उठवून घेण्यात त्याला यश आलं. पण परवानगीची वाट न पाहता प्रांत उभा करा, असं त्याने सान अँटोनिओला लिहिलेलं पत्र सरकारच्या हाती पडलं आणि जानेवारी १८३४मध्ये साल्टियोत त्याला अटक झाली. तो १८३५च्या उन्हाळ्यात सुटला. तोवर मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याने देशाची १८२४ची संघराज्यीय घटना गुंडाळत आणली होती आणि विरोध करणारा साकातेकास प्रांत सैन्याने चिरडला होता. तिथल्या लुटीच्या बातम्यांनी टेक्सासमधले सबुरीवालेही हादरले.

२ ऑक्टोबर १८३५ला गोंझालेसमध्ये ठिणगी पडली. कमांचींपासून बचावासाठी १८३१मध्ये गावाला दिलेली एक छोटी तोफ परत न्यायला सुमारे १०० मेक्सिकन घोडेस्वार आले. गावाने ‘या आणि घेऊन जा’ असं लिहिलेलं निशाण फडकावलं. डिसेंबरात सान अँटोनिओ बंडखोरांच्या हाती पडलं आणि मेक्सिकन जनरल कोस माघारी गेला. लक्षात ठेवायचं ते हे, की तोवर अधिकृत मागणी स्वातंत्र्याची नव्हती, १८२४ची घटना परत आणण्याची होती. त्यामुळेच हुआन सेगीनसारखे तेहानोही खांद्याला खांदा लावून लढत होते.

मग सगळं विस्कटलं. बंडखोरांचा हंगामी गव्हर्नर आणि कौन्सिल एकमेकांना बडतर्फ करू लागले, मातामोरोस या मेक्सिकन बंदरावरच्या मोहिमेसाठी सान अँटोनिओच्या अलामो या जुन्या मिशनमधून, म्हणजे धर्मप्रसारकांच्या ठाण्यातून, माणसं आणि रसद नेली गेली. उरलेली दोनशेच्या आसपास माणसं २३ फेब्रुवारी ते ६ मार्च १८३६ असे तेरा दिवस सांता आनाच्या वेढ्यात त्या मिशनच्या लांबलचक भिंती सांभाळत होती. शेवटच्या हल्ल्यात लढणारे जवळपास सगळे मारले गेले.

त्याहून जास्त माणसं गोलियाडला मारली गेली, आणि तिथल्या चुका टाळता येण्यासारख्या होत्या. तिथल्या टेक्सासच्या तुकडीचा प्रमुख फॅनिन याने माघारीचा हुकूम मिळाल्यावर दिवस घालवले. १९ मार्चला निघाला तो नऊ तोफा ओढत. बैल उपाशी होते म्हणून वाटेत चारायला सोडले, गाडे मोडले, शिधा मागेच राहिला. कोलेटो ओढ्याची झाडी मैलभरावर असताना तो उघड्या माळावर, सखल जागी गाठला गेला. पाणी नव्हतं, त्यामुळे तोफांच्या नळ्या पुसून गार करता येईनात आणि त्या निकामी होत गेल्या. रात्रीत मेक्सिकन जनरल उरेआला तोफा येऊन मिळाल्या, सकाळी फॅनिन शरण गेला. शस्त्रं घेतलेल्या परकीयांना चाचे समजा, असा मेक्सिकोचा डिसेंबरचा हुकूम होता. त्या आधारावर सांता आनाने २७ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, साडेतीनशेच्या आसपास कैदी गोळ्या घालून मारायला लावले.

२ मार्चला वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस इथे स्वातंत्र्य जाहीर झालं होतं. सही करणाऱ्या ५९ जणांत टेक्सासमध्ये जन्मलेले दोनच, होसे आंतोनिओ नावारो आणि त्याचे मामा फ्रान्सिस्को रुइस. टेक्सासचा सरसेनापती सॅम ह्यूस्टन याने सैन्य मागे घेतलं, पावसाचिखलातून कुटुंबं पूर्वेकडे पळाली. ग्रोसच्याच मळ्याजवळ दोन आठवडे कवायत झाली. २१ एप्रिलला दुपारी साडेचारच्या सुमारास सान हासिंतोला त्याच्या नऊशे जणांनी सांता आनाच्या, पहारा ढिला पडलेल्या छावणीवर हल्ला केला. लढाई १८ मिनिटांची, कत्तल त्यानंतर बराच वेळ चालली. ६३० मेक्सिकन मेले, टेक्सासचे नऊ. दुसऱ्या दिवशी सांता आना साध्या शिपायाच्या वेषात सापडला.

स्वातंत्र्य कोणाचं, हे १७ मार्चलाच लिहून झालं होतं. नव्या घटनेने गुलामगिरी कायम केली, संसदेलाही गुलाम मुक्त करण्याची मुभा ठेवली नाही, आणि मुक्त कृष्णवर्णीयांना संसदेच्या संमतीशिवाय राहायला मज्जाव केला. स्वातंत्र्याच्या दिवशी टेक्सासमध्ये असलेल्या कुटुंबप्रमुखाला एक सिटिओ आणि एक लाबोर मिळणार होतं; आफ्रिकन वंशाचे लोक आणि मूलनिवासी वगळून. सान हासिंतोला लढलेला सेगीन सान अँटोनिओचा महापौर झाला, पण १८४२मध्ये धमक्यांमुळे त्याला मेक्सिकोत आसरा घ्यावा लागला.

डिसेंबर १८४५मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झालं तेव्हा कर्ज त्याच्याच डोक्यावर राहिलं, पण सरकारी जमीनही त्याच्याकडेच राहिली. आज ज्या ऑस्टिन शहरात अनेक मराठी घरं आहेत, तिथल्या राज्य भूमी कार्यालयात त्या स्पॅनिश सनदा जपून ठेवलेल्या आहेत, आणि टेक्सासच्या जुन्या खरेदीखतांत हद्दी अजूनही वारांत मोजलेल्या दिसतात.