सेलवरचा रेडिओ लाइटवरही चालवायचा असेल तर

आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सकाळच्या प्रादेशिक बातम्यांपासून रात्री डोळा लागेपर्यंत रेडिओ चालू ठेवणारी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार ठरलेली असते: सेल पुरत नाहीत. हिशेब केला तर तक्रार खरीच आहे. मोठ्या सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर बेताच्या आवाजात साधारण ५० मिलिअँप करंट खातो. रोज सहा तास लावला तर ३०० मिलिअँप-तास झाले. नेहमीच्या जस्त-कार्बनच्या सेलवर दोन-तीन आठवड्यांत आवाज बसायला लागतो. तोच रेडिओ अडॅप्टरवर तेवढाच वेळ लावला तर महिन्याला जेमतेम अर्धा युनिट वीज लागते.

म्हणून आम्ही अशा रेडिओला बाहेरून अडॅप्टर लावायची सोय करून देतो. सेलही चालतात, लाइटही चालते. काम तासाभराचे आहे, पण ते कसे केले यावर तुमचा रेडिओ किती वर्षे टिकेल हे ठरते. आत काय केले जाते ते तुम्हाला माहीत असावे, म्हणून हा कागद.

सेल आणि अडॅप्टर यांची गाठ पडू द्यायची नाही

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मी काम शिकत होतो तेव्हा एका गृहस्थांच्या चार सेलच्या रेडिओला मी अडॅप्टरच्या दोन वायरी सरळ सेलच्या खणातल्या स्प्रिंगला आणि पत्रीला जोडून दिल्या होत्या. रेडिओ छान वाजला. सेल आतच राहिले होते. आठवड्याने ते परत आले. खण उघडला तर सेल फुगलेले, पाणी सुटलेले, स्प्रिंग हिरवी पडून तुटलेली, आणि ते पाणी खाली झिरपून सर्किटवरची तांब्याची रेघ खाऊन गेलेली. रेडिओ त्यांच्या वडिलांचा होता. तो पुन्हा वाजता करायला मला चार दिवस लागले, आणि ती चूक मी पुन्हा कधी केली नाही.

झाले काय होते? अडॅप्टरचे व्होल्टेज सेलपेक्षा जास्त, त्यामुळे करंट उलटा सेलमध्ये घुसत राहिला. साधा सेल चार्ज करण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्यात करंट ढकलला की आत वायू तयार होतो, सेल गरम होतो, फुगतो आणि फुटतो.

यावरचा उपाय जॅकमध्येच असतो. आम्ही बसवतो त्या डीसी जॅकला, म्हणजे अडॅप्टरची पिन जिथे शिरते त्या भोकाच्या भागाला, दोन नव्हे, तीन पाय असतात. एक जॅकच्या आतल्या मधल्या पिनचा, दुसरा बाहेरच्या पत्रीचा. तिसरा पाय त्या पत्रीला नुसता टेकलेला असतो. अडॅप्टरची पिन आत गेली की ती पत्रीला बाजूला ढकलते आणि तिसरा पाय सुटा होतो. रेडिओची निगेटिव्ह वायर आम्ही पत्रीच्या पायाला जोडतो, सेलची निगेटिव्ह तिसऱ्या पायाला, आणि दोघांच्या पॉझिटिव्ह वायरी मधल्या पिनला. अडॅप्टरची पिन बाहेर असेल तर सेलचा रस्ता जोडलेला. पिन आत गेली की तो रस्ता आपोआप तुटतो. काम झाल्यावर अडॅप्टर लावून सेलमधला करंट आम्ही मीटरवर बघतो. काटा शून्यावर असला तरच झाकण बंद होते. तुम्ही समोर उभे असाल तर तुम्हालाही दाखवतो, जरूर बघा.

जुन्या काही सेटना कंपनीचाच ३.५ मिलिमीटरचा, इअरफोनसारखा गोल जॅक असतो. तो चांगला असेल तर आम्ही कॅबिनेटला नवे भोक पाडत नाही. मात्र अशा जॅकमध्ये पिन घालताना आणि काढताना अडॅप्टरची अधिक आणि उणे ही दोन्ही टोके क्षणभर एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी पिन रेडिओत घालायची, मग भिंतीवरचे बटण चालू करायचे, आणि काढताना उलट क्रमाने.

लाइट गेली आणि रेडिओ बंद पडला

ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. सेल नवे आहेत, मग लाइट जाताच रेडिओ बंद का? कारण पिन अजून जॅकमध्ये आहे आणि सेलचा रस्ता तुटलेलाच आहे. पिन ओढून काढा, रेडिओ सेलवर सुरू होईल. तो बिघाड नाही.

आपोआप बदल हवा असेल तर दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, लावून तेही करता येते. पण डायोड स्वतःसाठी थोडे व्होल्टेज ठेवून घेतो. साधा डायोड ०.७ व्होल्ट खातो, शॉटकी जातीचा साधारण ०.३. चार सेलच्या म्हणजे ६ व्होल्टच्या रेडिओत हे जाणवत नाही. दोन सेलच्या, ३ व्होल्टच्या रेडिओत मात्र सेल अर्धे शिल्लक असतानाच आवाज पडतो. अशा रेडिओला डायोडची सोय करू नका असेच आम्ही सांगतो. हाताने पिन काढायचा त्रास परवडला.

अडॅप्टर कोणता?

अडॅप्टरवर ६ व्होल्ट छापले आहे म्हणून तो ६ व्होल्ट देतो असे नाही. जुन्या पद्धतीचे, आत ट्रान्सफॉर्मर असलेले जड अडॅप्टर छापलेले व्होल्टेज पूर्ण लोडवरच, म्हणजे छापलेला सगळा करंट खेचला जात असतानाच, देतात. ५०० मिलिअँपच्या अडॅप्टरला ५० मिलिअँप खाणारा रेडिओ लावला तर लोड नसल्यासारखाच. आमच्या टेबलावर असा ६ व्होल्टचा अडॅप्टर मीटरला लावला की बऱ्याच वेळा ८-९ व्होल्ट दिसतात. रेडिओ लगेच जळत नाही, पण आतले कंडेन्सर आणि आवाजाची आयसी रोज थोडी थोडी थकत जाते. म्हणून आम्ही रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, अडॅप्टरच देतो, किंवा मध्ये रेग्युलेटर बसवतो.

त्याहून घातक म्हणजे बाजारात मिळणारा ३ ते १२ व्होल्टचा, सरकपट्टीचा अडॅप्टर. झाडताना फडका लागून पट्टी ३ वरून ९ वर जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या पिनेचे तोंड उलटेही बसते, म्हणजे अधिक-उणे बदलतात. असा अडॅप्टर घरात असेल तर योग्य जागी पट्टी सरकवून वरून चिकटपट्टी लावून टाका.

उलटसुलट लागण्याबद्दल: अडॅप्टरवर मधोमध ठिपका आणि बाजूने अर्धा गोल असे चित्र असते, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. हल्ली बहुतेक अडॅप्टरची मधली पिन अधिक असते, पण जुन्या रेडिओंमध्ये ती उणे असलेलीही खूप सापडते. तिथे आम्ही सेलची पॉझिटिव्ह बाजू तोडतो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला असे समजू नका, चित्र जुळले पाहिजे. आम्ही प्रत्येक सेटवर जॅकशेजारी व्होल्टेज आणि हे चित्र लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. ती कृपया काढू नका.

मोबाईलचा चार्जर चालेल का, हे सगळेच विचारतात. तो ५ व्होल्ट देतो आणि ते स्थिर असतात. तीन सेलच्या रेडिओला तर तो मापात बसतो: शॉटकी डायोड लावला तर ४.७ व्होल्ट उरतात आणि तीन नव्या सेलचे मिळून ४.८ होतात. चार सेलच्या रेडिओलाही चालतो, वरच्या आवाजाला थोडी कमी दिसते इतकेच. दोन सेलच्या रेडिओला थेट कधीच लावू नका. तिथे मध्ये ३.३ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर लागतो, तो आम्ही खणात मावेल असा बसवतो.

पण मोबाईल चार्जरची एक अडचण आहे. तो आत फार वेगाने चालू-बंद होत असतो आणि ती खरखर मीडियम वेव्हवर ऐकू येते. एफएमला फरक पडत नाही. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर ऐकणाऱ्याला मात्र बातम्यांच्या मागे सतत कढईत तळल्यासारखा आवाज येतो. चार्जर रेडिओपासून हातभर लांब ठेवून बघा, रेडिओ थोडा फिरवून बघा, कारण मीडियम वेव्हची एरियल आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी असते आणि तिला दिशा असते. तरीही थांबले नाही तर ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर आणि त्यापुढे रेग्युलेटर, हाच मीडियम वेव्हसाठी खरा उपाय. त्यात खरखरीऐवजी घुमल्यासारखी घरघर आली तर आतला फिल्टर कंडेन्सर, म्हणजे व्होल्टेजमधली लाट सपाट करणारा भाग, कमी पडतोय असे समजा. तो बदलून देता येतो.

कोणताही अडॅप्टर घ्या, त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. अगदी हलक्या, स्वस्त चार्जरमध्ये २३० व्होल्ट आणि बाहेरची वायर यांच्यातले अंतर धड राखलेले नसते. रेडिओची एरियल उघडी धातूची असते आणि माणूस ती हाताने धरतो.

जुना सेट असेल आणि भोक पाडायचे नसेल

आजोबांच्या काळचा लाकडी किंवा बॅकेलाइटचा सेट असेल तर त्याच्या अंगाला ड्रिल लावायला आमचाही हात धजत नाही. त्यासाठी आम्ही लाकडाचा सेल करतो. मोठ्या सेलच्या मापाचा, म्हणजे साधारण ६१ मिलिमीटर लांब आणि ३३ मिलिमीटर जाड गोल तुकडा, टोकाला पितळी स्क्रू, त्याला वायर. एक तुकडा पॉझिटिव्ह टोकाला, एक निगेटिव्ह टोकाला, वायर झाकणाच्या फटीतून बाहेर. खरे सेल खणात नसतातच, त्यामुळे गाठ पडायचा प्रश्न येत नाही. पुढे सेट विकायचा किंवा मुलांना द्यायचा झाला तर तुकडे काढले की सेट जसाच्या तसा.

जे काम आम्ही घेत नाही

भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट: एक-दोन सेल वर्षभर जातात, वायर लोंबवण्यात अर्थ नाही. लहान मुलांची खेळणी: वायर तोंडात जाते. लिथियम बॅटरीवरची ब्लूटूथ स्पीकरसारखी यंत्रे: त्यांचे चार्जिंग वेगळे असते, बॅटरी काढून तिथे अडॅप्टर लावून द्या असा आग्रह कृपया करू नका. बीपी मोजायच्या यंत्राला बाजूला जॅक बहुधा असतोच. त्याला त्याच्या कंपनीचाच अडॅप्टर घ्या, कारण त्या आकड्यावर औषध ठरते.

येताना काय आणाल

रेडिओ सेलसकट आणा, सेल संपलेले असले तरी चालतील. खण कसा भरता ते दिसले की बरे पडते. घरात असतील ते सगळे अडॅप्टर पिशवीत घालून आणा. मीटरवर तपासायचे पैसे आम्ही घेत नाही, आणि चांगला निघाला तर नवा घ्यायला लावत नाही. सेलचे पाणी सुटलेले असेल तर बोटाने खरवडू नका. साध्या सेलचे असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने, आणि अल्कलाइन सेलचे असेल तर लिंबाच्या रसाने हलकेच पुसा. मग ओल्या कापसाने पुसून कोरडे करून आणा. महिनाभर रेडिओ अडॅप्टरवरच वाजणार असेल तर सेल काढून ठेवा, आणि रात्री झोपताना अडॅप्टरचे भिंतीवरचे बटण बंद करा. जड अडॅप्टर रेडिओ बंद असतानाही गरम राहतो आणि थोडी वीज खातच असतो.

सेट सकाळी दिलात तर संध्याकाळपर्यंत वाजवून दाखवून देतो.